विचारून घेतलेलं पाणी

"इचारून घेतो की. न इचारता कसं घ्यायचं?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून काळू आबा एवढं बोलले आणि माझी केस तिथंच आडवी झाली. समोरच्या बाजूचे वकील विनायकराव यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी हातातला कागद घडी करून टेबलावर ठेवला, सबजज्जसाहेबांना नमस्कार केला आणि खाली बसले. वकील उलटतपास मध्येच सोडून बसतो तेव्हा त्याला हवं ते मिळालेलं असतं. काळू आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आपण चांगलं बोललो, अशी त्यांची समजूत होती.

फेरतपास म्हणून एक प्रकार असतो. समोरच्या वकिलानं आपल्या साक्षीदाराला उसवलं, तर आपण पुन्हा दोन प्रश्न विचारून टाके घालायचे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, आणि "काही नाही साहेब" म्हणून बसलो. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारू नये, हे वकिलीतलं पहिलं शहाणपण. काळू आबा पुढं काय बोलतील याचा मला काहीच अंदाज नव्हता.

वडगाव मावळच्या कोर्टातली ही गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी पुण्याला वकिलीची परीक्षा देऊन वडगावात बस्तान बसवत होतो. कामं यायची ती बहुतेक बांधाची, नाहीतर वाटणीची. हे काम निराळं होतं.

लोणावळ्याच्या बाहेर, डोंगराच्या कुशीला, मगनशेठ नावाच्या मुंबईच्या एका कापूस दलालानं तीनेक वर्षांपूर्वी बंगला बांधला होता. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात खडकातून एक झरा यायचा. वर टेपावर, म्हणजे टेकाडावर, ठाकर आदिवासींची वाडी. पावसाळ्यात लोणावळ्यात पाण्याला काय तोटा? पाणी नको म्हणायची वेळ येते. पण माघ उजाडला की वरचे ओहोळ आटतात आणि वाडीला पुढचे महिने या एका झऱ्याचाच आधार असतो. काळू आबांच्या बापाच्या आधीपासून वाडी हेच पाणी पीत आली होती.

एका माघात शेठनी फाटकाला कुलूप घातलं. वाडीच्या बायका खालच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. तिथं डोहात साचलेलं पाणी, आणि हंडा डोक्यावर घेऊन वर यायला उभी चढण. त्या चढणीवर काळू आबांची बायको हंड्यासकट घसरली आणि कंबरेत मोडली. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळून होती. काळू आबा कोर्टाची पायरी चढले ते यामुळं. एरवी ते चढले नसते. वाडीतल्या सगळ्यांच्या वतीनं त्यांनी दावा लावला आणि मी त्यांचं वकीलपत्र घेतलं. निकाल लागेपर्यंत तरी फाटक उघडं ठेवावं, असा अर्ज मी दिला होता. खाली ओढा आहे, पाणी मिळतंय, असं म्हणून तो नामंजूर झाला.

आता कायदा सांगतो. कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी घ्यायचा हक्क वहिवाटीनं मिळतो. वहिवाट म्हणजे ते पाणी तुम्ही निदान वीस वर्षं घेत आलेले असला पाहिजेत, उघडपणे, भांडणतंटा न करता आणि 'हक्कानं'. खरी मेख या शेवटच्या शब्दात आहे. हक्कानं म्हणजे परवानगीनं नव्हे. मालकाला विचारून, त्यानं हो म्हटलं म्हणून घेतलं असेल, तर ती त्याची मर्जी झाली. मर्जी आज आहे, उद्या नाही. शंभर वर्षं विचारून घेतलं तरी हक्क तयार होत नाही.

म्हणजे जो माणूस रोज उठून दुसऱ्याच्या आवारात न विचारता शिरतो, त्याला कायदा हक्क देतो. जो फाटकाशी उभा राहून अदबीनं विचारतो, त्याला काही मिळत नाही. कायद्याला उद्धट माणूस आवडतो असं नाही. पण शेवटी मिळतं ते त्यालाच. हे मला तेव्हा खटकलं होतं आणि आजही खटकतं.

मधल्या सुटीत कोर्टाबाहेरच्या चिंचेखाली मी काळू आबांना गाठलं. त्यांच्याबरोबर त्यांची सून बुधाबाई होती. सासू पडल्यापासून पाण्याची सगळी ओढाताण तिच्यावर आली होती.

"आबा, विचारून घेतो असं का म्हणालात?"

"खरं त्येच हाय म्हून."

"पण मी तुम्हाला आधी विचारलं होतं. पाणी हक्कानं घेता ना? तुम्ही व्हय म्हणालात."

"व्हय. हक्कानं घेतो, आन् इचारून घेतो."

"दोन्ही एकदम होत नाही आबा."

काळू आबांनी सुनेकडं पाहिलं. "आमच्यात व्हतं," ती म्हणाली, आणि भाकरीचं फडकं सोडायला बसली.

वकिलांच्या खोलीत विनायकराव चहा पीत होते. ते पुण्याहून येत. आम्ही दोघं लॉ कॉलेजात एका बाकावर बसलेले. तिथं आम्हाला एक म्हातारे प्रोफेसर होते. त्यांनी एक अख्खी सहामाही एकाच प्रश्नावर घालवली होती. हक्क म्हणजे नेमकं काय? परीक्षेत त्यावर फारतर एक प्रश्न यायचा, पण त्यांना त्याची पर्वा नव्हती. ते सांगत, जगात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, हक्क म्हणजे किल्ली. समोरच्याच्या कर्तव्याची किल्ली तुमच्या हातात असते. तुम्ही त्याला बांधू शकता, मनात आलं तर मोकळं सोडू शकता. सोडायची ताकद नसेल तर तो हक्कच नव्हे. दुसरा पंथ म्हणतो, हक्क म्हणजे कुंपण. माणसाचं काही हित असतं, त्याला जगायला काही लागतं, आणि कायदा त्याभोवती कुंपण घालतो. तान्ह्या मुलाला कुठली किल्ली वापरता येते? तरी दुधावर त्याचा हक्क असतोच.

मी किल्लीच्या पंथाचा होतो, विनायकराव कुंपणाच्या. खाणावळीत आमटी थंड होईपर्यंत आम्ही भांडायचो.

"संपली तुझी केस," विनायकराव आता म्हणाले. "पण शेठ माणूस वाईट नाही. तडजोड करायची म्हणतोय. ऐकून तर घे."

मगनशेठ बाहेरच्या बाकावर बसले होते. पांढरा कोट, काळी टोपी, स्वभाव मोकळा. ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, पाणी द्यायला आपल्याला काय वांधा नाय. पाण्यावर कोणी दुकान मांडतो काय? वांधा हक्काचा हाय."

"मग कुलूप का घातलंत?"

"सॉलिसिटर बोलला ना. बोलला, शेठ, तुम्ही काय नाय बोललात आणि हे लोक असेच येत राहिले, तर वीस वर्षांनी झरा त्यांचा. कोणी काय विचारला तर हा पण बोलायचा नाय, उद्या ती कबुली धरतील, आणि ना पण बोलायचा नाय. सरळ ताळा लावायचा. मी लावला."

म्हणजे शेठनी वाडीचं पाणी तोडलं ते दुष्टपणानं नव्हे. पाणी द्यायची सवय पुढं हक्क होईल, या भीतीनं तोडलं. हक्क नावाची वस्तू कायद्यात नसती, तर या माणसानं कधी कुलूप घातलंच नसतं. प्रोफेसरांनी ही बाजू आम्हाला शिकवली नव्हती.

तडजोड अशी होती. झऱ्यातून पाइप काढून शेठ भिंतीबाहेर, वाडीच्या पायवाटेवर, एक नळ बसवून देणार. वाडीनं दावा काढून घ्यायचा, आणि पाणी शेठच्या मर्जीनं मिळतं असं कबूल करायचं.

मी हे काळू आबांना समजावून सांगितलं. 'शेठची मर्जी असेपर्यंत' हे शब्द तीनतीनदा सांगितले.

"नळ वाटंवर?" आबांनी विचारलं.

"वाटेवर."

"म्हंजी खाली उतरायलाबी नगं?"

"नको. पण आबा, हक्क जाईल."

"जाऊ द्या. हक्क काय हंड्यात भरून न्यायचाय? पानी भेटतंय न्हवं?"

विनायकराव माझ्याकडं बघत होते. त्यांचा जुना मुद्दा खेड्यातल्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात मांडला होता. वाडीचं हित पाण्यात. पाणी तर आधीपेक्षा जवळ येतंय. मग हक्क गेला म्हणजे नेमकं काय गेलं? मला त्याचं उत्तर देता येईना. मोठा विचित्र प्रसंग होता. शेठला पाणी द्यायचं होतं, आबांना पाणी घ्यायचं होतं, आणि दोघांच्या मध्ये हक्क हक्क करत मी एकटाच उभा होतो.

"नळ सोडनार कोन?" बुधाबाईनं विचारलं.

"माळी सोडंल की," आबा म्हणाले.

अशिलाची इच्छा तीच वकिलाची. मी तडजोडीचा कच्चा मसुदा केला. पुढच्या तारखेला तो कोर्टापुढं ठेवून सह्या-अंगठे करायचे, असं ठरलं. शेठ शब्दाचे पक्के. आठवड्याच्या आतच नळ बसला.

होळीच्या सुटीत बंगल्यावर पाहुणे आले. मुंबईची माणसं, पोरंबाळं, रंग, आंघोळी. बंगल्याची टाकी भरेना, म्हणून माळ्यानं बाहेरच्या पाइपाचा कॉक आतून बंद केला. यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. घरच्या पाहुण्यांना पाणी कमी पडू नये एवढंच त्यानं पाहिलं. बायका हंडे घेऊन नळाशी आल्या, तर नळ कोरडा. काळू आबांनी भिंतीवरून माळ्याला हाक मारली. "पाहुणे गेले की सोडतो," तो म्हणाला. बायका पुन्हा ओढ्यावर गेल्या.

आबा बंगल्यावर गेले. शेठ पत्ते खेळत होते. त्यांनी आबांचं ऐकून घेतलं, चुकचुकले, माळ्याला सांगतो म्हणाले आणि सांगितलंही. नळ आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. आबा पुन्हा गेले. या वेळी शेठ झोपले होते. आबा ओट्याखाली उन्हात बसून राहिले.

पाहुणे गेल्यावर सासरा आणि सून दोघं गाडीनं वडगावला आले. माझ्या ओसरीवर बसले. पाणी दिलं, तर आबांनी तांब्या तसाच हातात धरला.

"वकीलसायेब, त्यो कागद फाडा."

"का? नळ येतो ना आता?"

"येतोय. पर मला तितं बसावं लागलं. मागं आमी इचारत हुतो. आता मागावं लागतंय."

एवढं बोलून ते पाणी प्यायले. एका डोंगरावर ज्याचा शब्द चालतो असा माणूस, कुणाची झोप मोडायची वाट पाहत उन्हात बसला होता, आणि त्याला तसं बसवणाऱ्यानं त्याचं काही वाईट चिंतलं नव्हतं. हक्क गेला म्हणजे काय गेलं, याचं उत्तर मला विनायकरावांना तेव्हा देता आलं नव्हतं. आता देता आलं असतं. पाणी तेवढंच होतं, पण हक्क नसल्यामुळं नळ बंद झाला तर दोष कुणालाच देता येत नव्हता.

विचारणं आणि मागणं यातला फरक मला त्या ओसरीवर कळला. तरी आबा विचारत होते म्हणजे नक्की काय करत होते, हे मला अजून ठाऊक नव्हतं.

पुढच्या तारखेला विनायकराव खवळले. "साहेब, तडजोड तोंडी ठरली होती. नळ बसला. आता हे मागं फिरतायत."

साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी काळू आबांना विचारलं, "तुम्ही कबूल झाला होता?"

"व्हय."

"मग?"

"मी कबूल झालतो. वाडी न्हाई."

मागं बाकावर बुधाबाई आणि वाडीच्या आणखी बायका बसल्या होत्या. आमचं ऐकल्याशिवाय तडजोड करू नये, असा त्यांचा अर्ज मी पुढं केला. दावा एकट्या आबांचा नव्हता, सगळ्या वाडीचा होता. किल्ली आबांच्या हातात असेल, पण कुलूप साऱ्यांचं होतं. साहेबांनी अर्ज वाचला. "ज्यांचं पाणी त्यांची संमती दिसत नाही. तडजोड नोंदता येणार नाही," ते म्हणाले.

विनायकराव म्हणाले, "हरकत नाही. साक्षीवर निकाल द्या. पाणी विचारून घेतो असं त्यांनी शपथेवर सांगितलंय."

ते बरोबर होतं. आम्ही पुन्हा त्याच खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिलो होतो.

मी एकच मागणं केलं. निकालाआधी साहेबांनी जागा डोळ्यांनी पाहावी. खरं सांगायचं तर माझ्या मनात काही बेत नव्हता. निकाल थोडा पुढं जाईल, ती उभी चढण साहेबांना पायांनी कळेल, एवढाच हिशेब. साहेबांनी होकार दिला.

पाडवा झाल्यावर आम्ही लोणावळ्याला गेलो. साहेब, त्यांचा शिरस्तेदार, पट्टेवाला, आम्ही दोघे वकील. शेठ सकाळच्या गाडीनं मुंबईहून एकटेच आले होते. बंगला बंद होता, दारं-खिडक्या लावलेल्या. साहेबांच्या हुकुमानं फाटकाचं कुलूप तेवढं काढलेलं. साहेबांनी आधी ओढा पाहिला. वर येताना ते दोनदा थांबले. मग आम्ही सगळे फाटकाशी आलो. काळू आबा तिथं हजर होते.

"पाणी कसं नेता ते दाखवा," साहेब म्हणाले.

बुधाबाई हंडा घेऊन आली. फाटकात उभी राहिली. शेठ तिच्या इतक्या जवळ होते की हंडा त्यांच्या कोटाला घासला. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बंद बंगल्याकडं तोंड करून ती मोठ्यानं ओरडली, "येऊ का ओ? पान्याला येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता ताडताड चालत झऱ्याकडं गेली. पाणी भरलं आणि परत आली.

"बाई, थांब," साहेब म्हणाले. "तू कोणाला विचारलंस?"

"तकडं." तिनं हनुवटीनं बंगला दाखवला.

"तिथं कोणी नाही. मालक इथं उभे आहेत."

"व्हय. दिसले की."

"मग त्यांना का नाही विचारलंस?"

बुधाबाईच्या कपाळाला आठी पडली. डोक्यावर भरला हंडा होता. "त्येंला कशाला? त्ये काय पान्यावर बसल्यात व्हय?"

शिरस्तेदार हसला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं तसा गप्प झाला. साहेबांनी बाईला हंडा खाली ठेवायला सांगितला आणि तिथंच शपथ दिली.

"रोज अशीच हाक मारत होता?"

"रोज."

"बंगल्यात कोणी उत्तर देतं?"

"आदी कवा हात हालवायचे. मंग कोन काय बोलंना, आन् कुलूपच घातलं. तसा बंगला लय करून बंदच असायचा."

"कोणी नाही म्हटलं असतं तर?"

तिला प्रश्न कळेना. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. साहेबांनी मग काळू आबांनाच पुन्हा शपथ दिली आणि विचारलं, "हा बंगला नव्हता तेव्हा हाक मारत होता?"

"मारत हुतो की. हितं आंबा हुता, लय मोटा. त्येच्या बुडाशी हुबं ऱ्हायाचं आन् हाळी द्यायची. माजा बा बी तसंच करायचा. आंबा पाडला आन् बंगला बांधला, मंग बंगल्याकडं तोंड करून देतो."

"पण हाक कोणासाठी? आंब्यासाठी?"

"न्हाई ओ सायेब." आबांना साहेबांची कीव आली असावी. "वाघरासाठी. वाघरू येतं पान्यावर. डुकरं येत्यात. बाई माणूस एकदम खडकाआड गेलं, आन् तितं जनावर पीत बसलं आसलं, तर? आदी हाळी द्यायची. त्येचं पिऊन झालं की त्ये उठून जातं. मंग आपुन जायाचं."

"म्हणजे परवानगी वाघराची?"

"त्येचं पानी हाय ना त्ये आदीचं," आबा म्हणाले. "आमी मागनं आलो."

मग मगनशेठ हसू लागले. पोट धरून हसले. "विनायकराव, तीन वर्षांपासून मी समजतो हे लोक मला विचारतात," ते म्हणाले. विनायकरावांनी साहेबांसमोर हसू दाबलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मला हसू आलं नाही. मी फाटकाच्या खांबाला टेकलो. कोर्टात मी फेरतपासाला उठलो होतो तेव्हा "कोणाला विचारता?" एवढाच प्रश्न लागत होता. विनायकरावांनी तो विचारला नाही, कारण त्यांना उत्तर माहीत आहे असं वाटलं. मी विचारला नाही, कारण मला माहीत नव्हतं. तो नियम मी पुढंही पाळला. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो.

उन्हाळ्याच्या सुटीआधी निकाल लागला. साहेबांनी तो छोटासाच लिहिला. वाडी हे पाणी बंगल्याच्या आधीपासून घेत आली आहे. जनावराला दिलेली हाक ही मालकाकडे मागितलेली परवानगी होत नाही. म्हणून वाडीतल्या रहिवाशांना झऱ्याचं पाणी, कोणाच्याही परवानगीशिवाय आणि अडथळ्याशिवाय, नेण्याचा हक्क आहे. शेठनी फाटक उघडं ठेवावं.

विनायकराव मला म्हणाले, "अपील करायला सांगू का शेठना?"

"सांग की."

"सांगितलं. नको म्हणतो. म्हणाला, वीस वर्षांची चिंता एका दिवसात मिटली." मग ते म्हणाले, "तू किल्लीवाला, मी कुंपणवाला. या म्हाताऱ्याला कुठं बसवायचं रे?" प्रोफेसर हयात असते तर आम्ही दोघं त्यांना विचारायला गेलो असतो. ते नव्हते.

निकाल वाचून दाखवायला मी वाडीवर गेलो. काळू आबांची बायको दारात बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होती. 'कोणाच्याही परवानगीशिवाय' हे शब्द आल्यावर आबांनी मला थांबवलं.

"म्हंजी आता हाळी द्यायची न्हाई?"

"द्यायची गरज नाही, एवढंच."

"गरज हाय. वाघरू काय निकाल वाचतंय व्हय? त्येवढं काढा त्यातनं."

ते शब्द काढता येत नाहीत, पण हाक मारायला कोर्टाची मनाई नाही, हे समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली. बाजेवरून त्यांची बायको म्हणाली, "पानी द्या त्येंला." पाणी झऱ्याचंच होतं. इतक्या महिन्यांत ते मी पहिल्यांदाच चाखलं. गार होतं.

पुढच्या फाल्गुनात मी एका साक्षीच्या कामानं लोणावळ्याला गेलो होतो. काम लवकर आटपलं म्हणून पाय बंगल्याकडं वळले. मगनशेठ व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ते आता महिन्यातून दोनदा येत. फाटक उघडं होतं, आणि कुलूप कुठं दिसलं नाही.

बुधाबाई आली. फाटकात उभी राहून ओरडली, "येऊ का ओ? पान्याला येऊ का?"

"या, या, बुधाबाई," शेठ खुर्चीतून ओरडले. "न्या पाणी. सासूबाई कशी हाय? उठून बसते काय?"

मी शेठना म्हटलं, "पूर्वी तुम्ही हो पण म्हणत नव्हता, ना पण म्हणत नव्हता."

"त्या टायमाला माझ्या हातातून काय तरी जाईल असा वाटायचा," ते म्हणाले. "आता जायचा ते गेला. आता बोलायला काय वांधा?"

मी आयुष्यभर हक्कांची कामं केली. लोक म्हणतात, कोर्टात गेलं की माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. बहुतेक तसंच होतं. पण दोन माणसं बोलायची बंद झाली होती ती हक्काच्या भीतीनं, आणि हक्क एकदाचा कुणाचा ते ठरल्यावर बोलू लागली, हेही मी पाहिलं आहे. हक्क नक्की असला की विचारायला कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि 'या' म्हणायला कुणाला धास्ती नसते.

मी परत निघालो तेव्हा बुधाबाई फाटकात भेटली. डोक्यावर भरला हंडा. मी तिला म्हटलं, "काय बुधाबाई, आता तरी बरं आहे ना?"

"कशाचं बरं?" ती म्हणाली. "आता शेठ आला की रोज बोलतोय म्हातारा. सासू कशी हाय, पोरगं चालतंय का. हंडा डोक्यावर घिऊन हुबं ऱ्हावं लागतं. वाघरू बरं हुतं वकीलसायेब. त्ये गुमान उठून जायचं. त्येवढं कोरटाकडनं काय करता आलं तर बघा."

त्यावर कायद्यात उपाय नाही, असं मी तिला सांगितलं.